डोक्यावरचा सूर्य : थायलंडचा उन्हाळा आणि मराठी प्रवासी

थायलंडच्या हवामान खात्याने वर्षाचे तीन ऋतू मानले आहेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उन्हाळा, तेथून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पावसाळा आणि उरलेले चार महिने हिवाळा, अशी ती विभागणी आहे. पर्यटनव्यवसायाची सारी पसंती हिवाळ्याला आहे, आणि थंड प्रदेशांतून येणाऱ्या प्रवाशांच्या सोयीने लिहिलेल्या मार्गदर्शिकांत एप्रिल हा शक्यतो टाळण्याचा महिना म्हणून नोंदलेला असतो. महाराष्ट्रातील कुटुंबांपुढे मात्र अशी निवड फारशी नसते, कारण मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये आटोपतात, शाळा जूनमध्ये उघडतात आणि जो काही मोठा प्रवास करायचा तो या दोन टोकांच्या मध्येच बसवावा लागतो. २०२४ मध्ये थायलंडला भेट देणाऱ्या सुमारे साडेतीन कोटी परदेशी पर्यटकांत एकवीस लाखांहून अधिक भारतीय होते, आणि मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांच्या उन्हाळी सुटीतील कार्यक्रमांत बँकॉक, पट्टाया आणि फुकेत ही नावे आता ठरलेलीच असतात. या प्रवाशांना उन्हाळा ही सोसण्याची बाब म्हणून सांगितली जाते. वस्तुतः थाई लोकांचे नवे वर्ष, त्यांचे उन्हाळी खाणे, त्यांच्या घराची उंची आणि दिवसाचे वेळापत्रक या सर्वांची घडण याच ऋतूने केली आहे, आणि म्हणून हा देश समजून घेण्यासाठी एप्रिलइतका योग्य महिना दुसरा नाही. अट एवढीच, की तेथील माणसांनी पिढ्यानपिढ्या बसवलेली दिवसाची घडी पाहुण्यानेही पाळली पाहिजे.

हा उन्हाळा एप्रिलमध्येच शिगेला का पोहोचतो, याचे उत्तर अक्षांशांत आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक ठिकाणी सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे माध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच विरून जाते. हे शून्य सावलीचे दिवस थायलंडच्या दक्षिण टोकाच्या बेतोंगपासून सुरू होतात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत उत्तरेकडे सरकत म्यानमारच्या सीमेवरील मे साई या गावापर्यंत जातात. बँकॉकचा अक्षांश पावणेचौदाच्या आसपास असल्याने तेथे सूर्य २७ एप्रिलच्या सुमारास माथ्यावर येतो. मुंबईत हीच घटना मेच्या मध्यावर घडते. सूर्य परतीच्या वाटेवर ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा बँकॉकच्या माथ्यावर येतो, पण तोवर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी आणलेल्या ढगांचे छत मधे आलेले असते, त्यामुळे त्या दुसऱ्या खेपेचा ताप जाणवत नाही. एप्रिलमध्ये हे छत नसते, हिवाळ्यातले ईशान्येचे कोरडे वारे थांबलेले असतात आणि पावसाचे वारे अजून आलेले नसतात. दोन वाऱ्यांमधल्या या स्तब्ध पोकळीत जमीन तापत राहते. उत्तरेकडील डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यांत हा ताप सर्वाधिक असतो. मे हाँग सोन येथे २८ एप्रिल २०१६ रोजी ४४.६ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, आणि एप्रिल २०२३ मध्ये ताक या प्रांतात पारा ४५ च्या आसपास गेला.

विदर्भातील वाचकाला हे आकडे परके वाटणार नाहीत. उलट बँकॉकचे एप्रिलमधले सरासरी कमाल तापमान ३५-३६ अंशांच्या घरात असते हे ऐकून नागपूरच्या माणसाला ते किरकोळच वाटेल. हाच समज प्रवासात घात करतो. शरीर स्वतःला थंड ठेवते ते घामाच्या बाष्पीभवनाने, आणि हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर घाम उडत नाही, नुसता ओघळतो. नागपूरच्या कोरड्या वाऱ्यात वाळ्याचे ताटवे लावलेला कूलर खोली गार करतो, तो पाण्याचे बाष्प होताना हवेतली उष्णता शोषली जाते म्हणून. तोच कूलर बँकॉकच्या खोलीत ठेवला तर हवा फक्त अधिक दमट होईल. यासाठी हवामानशास्त्रात उष्णता निर्देशांक नावाचे माप वापरतात. तापमान आणि आर्द्रता यांचा मेळ घालून शरीराला प्रत्यक्षात किती ताप जाणवेल, हे त्यावरून कळते. तापमान ३५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर हा निर्देशांक सुमारे ४५ अंश येतो. बँकॉकच्या आग्नेयेकडील बांग ना भागात २०२३ आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तो पन्नासच्या वर गेला होता. कोकणातल्या माणसाला या उकाड्याची जात ओळखीची आहे, पण कोकणात सायंकाळी खारे वारे सुटतात आणि बँकॉकच्या अंतर्भागात ते इमारतींच्या भिंतींनी अडवले आहेत.

जुन्या बँकॉकने या उकाड्याशी जमवून घेतले होते, आणि ते कसे, हे मध्य थायलंडच्या पारंपरिक घरावरून नीट कळते. सागवानी लाकडाचे हे घर माणसाच्या उंचीपेक्षा उंच खांबांवर उभे असते. त्यामुळे पुराचे पाणी खालून निघून जाते, आणि उरलेल्या वर्षभर घराखालच्या मोकळ्या, सावलीच्या जागेत वारा खेळतो. दिवसाची बहुतेक कामे, म्हणजे विणकाम, भाजी निवडणे, मुलांना झोके देणे आणि दुपारची झोप, या खालच्या जागेतच होतात. वर चढून गेल्यावर खोल्यांना जोडणारा मोठा उघडा ओटा लागतो, आणि अनेक घरांत घराच्या एकूण क्षेत्रातला मोठा वाटा या छप्पर नसलेल्या ओट्याचाच असतो. फळ्यांच्या फटींतून खालची हवा वर येते, उतरते उंच छप्पर तापलेली हवा माणसांपासून दूर ठेवते आणि रुंद वळचणी भिंतींवर ऊन पडू देत नाहीत. या घरांसमोर रस्त्यांऐवजी कालवे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रस्ते बांधण्याला आरंभ झाला, विसाव्या शतकात अनेक कालवे बुजवले गेले आणि त्यांवर डांबर आले. काँक्रीट आणि डांबर दिवसभर पिऊन ठेवलेली उष्णता रात्री सोडतात, त्यात लाखो वातानुकूलन यंत्रे घरातली गरम हवा रस्त्यावर फेकतात, आणि परिणामी एप्रिलमधल्या रात्रीही पारा २७-२८ अंशांच्या खाली सहसा उतरत नाही. शहरांतल्या या साठलेल्या उष्णतेला शास्त्रज्ञ उष्णताबेट म्हणतात. २०२२ मध्ये तंबाखू कारखान्याच्या जुन्या जागेवर खुले झालेले बेंचाकिती वनउद्यान हा त्यावरचा एक शहाणा उपाय आहे, पण असे उपाय शहराच्या पसाऱ्यापुढे अजून फार लहान आहेत.

नव्या वर्षाचा उत्सव या ऋतूच्या ऐन मध्यावर येतो. सोंगक्रान या नावाने ओळखला जाणारा हा सण म्हणजे मेषसंक्रांत, अर्थात सूर्याचा मेष राशीत प्रवेश. पंजाबातली वैशाखी, तमिळनाडूतले पुत्तांडू, केरळचा विषू आणि आसामचा बोहाग बिहू हे सगळे याच सौरगणनेचे सण आहेत. मराठी पंचांगात मेषसंक्रांत नोंदलेली असते, पण वर्षारंभ चांद्रमानाने चैत्र शुद्ध प्रतिपदेला होत असल्याने तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. सयाममध्ये, म्हणजे जुन्या थायलंडमध्ये, प्रचलित असलेल्या चुल्लशक या कालगणनेचा प्रारंभ इसवी सन ६३८ च्या मार्चअखेरीकडे धरला जातो. राशी ताऱ्यांच्या आधाराने मोजल्या जातात आणि पृथ्वीचा अक्ष अतिमंद गतीने घिरट्या घालतो. या अयनचलनामुळे तेव्हापासून हा प्रवेश जवळजवळ तीन आठवडे पुढे सरकून एप्रिलच्या मध्यावर आला आहे. म्हणजे वसंतसंपाताजवळ सुरू झालेला वर्षारंभ हळूहळू उन्हाळ्याच्या गाभ्यात जाऊन बसला. राजा चुलालाँगकोर्न यांनी १८८९ मध्ये सरकारी वर्षारंभ १ एप्रिलला आणला, १९४१ पासून तो १ जानेवारीला गेला, तरी लोकांचे नवे वर्ष सोंगक्रानलाच राहिले. आज १३ ते १५ एप्रिल या सुट्टीच्या तारखा निश्चित आहेत, आणि डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने या सणाची नोंद मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली.

बँकॉकच्या वाट फो या विहारातील शिलालेखांत या सणाची मूळकथा कोरलेली आहे, आणि तिच्यातल्या प्रत्येक प्रसंगाला उन्हाळ्याची झळ लागलेली आहे. एका निपुत्रिक धनिकाने सूर्याची आणि चंद्राची आराधना केली, तिचे फळ मिळाले नाही, तेव्हा संक्रांतीच्या दिवशी तो नदीकाठच्या वडाखाली गेला आणि सात पाण्यांनी धुतलेल्या तांदळाचा भात त्याने वृक्षदेवतेला अर्पण केला. इंद्राच्या कृपेने त्याला धर्मपाल नावाचा पुत्र झाला, जो पुढे पक्ष्यांची भाषा समजणारा पंडित निघाला. त्याची कीर्ती ऐकून कपिल महाब्रह्मा स्वर्गातून उतरला आणि त्याने कोडे घातले : माणसाची श्री सकाळी कोठे असते, दुपारी कोठे आणि संध्याकाळी कोठे? सात दिवसांत उत्तर आले नाही तर धर्मपालाचे मस्तक जाणार होते, आणि आले तर कपिलाचे. सहा दिवस विचार करून थकलेला तरुण ताडाच्या झाडाखाली पडला असता वर बसलेल्या गरुडांच्या जोडीचे बोलणे त्याच्या कानी पडले. सकाळी श्री मुखावर असते म्हणून माणसे तोंड धुतात, दुपारी ती छातीवर असते म्हणून छातीला सुगंधी द्रव्ये लावतात, संध्याकाळी ती पायांवर असते म्हणून पाय धुतात, हे ते उत्तर. कपिल हरला. त्याचे मस्तक मात्र असे होते, की ते भूमीवर ठेवले तर जग जळून जाईल, आकाशात फेकले तर पाऊस बंद होईल आणि समुद्रात टाकले तर समुद्र आटेल. म्हणून त्याच्या सात कन्यांनी ते तबकात झेलले, मेरूपर्वताभोवती मिरवले आणि कैलासावरील गुहेत ठेवले. दरवर्षी पाळीपाळीने एक कन्या ते बाहेर काढून प्रदक्षिणा घालते. संक्रांत ज्या वारी येईल त्या वाराची कन्या त्या वर्षाची सोंगक्रानदेवी ठरते.

ही कथा विद्वत्तेच्या पैजेची म्हणून सांगितली जाते, पण ती नीट वाचली तर तिच्यात उन्हाळ्याचे आरोग्यशास्त्र दडलेले दिसते. कोड्याचे उत्तर हा सकाळ, दुपार आणि संध्याकाळचा गारव्याचा दिनक्रम आहे, आणि ते जळजळीत मस्तक म्हणजे अवर्षण, वणवा आणि आटलेले पाणी यांची एकत्रित भीती आहे. ती भीती जमिनीला लागू न देता सांभाळून मिरवायची, ही कल्पना ज्या समाजाला सुचली, त्याने एप्रिल फार जवळून पाहिलेला असला पाहिजे.

सणाचे विधी त्या कथेशी सुसंगत आहेत. बुद्धमूर्तीला सुगंधी पाण्याने स्नान घालणे हा पहिला. बँकॉकमध्ये फ्रा फुत्थ सिहिंग ही पूज्य मूर्ती मिरवणुकीने आणून लोकांच्या दर्शनासाठी ठेवतात. त्यानंतर घरातील वडीलधाऱ्यांच्या तळहातांवर मोगऱ्याच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या घातलेले पाणी ओतून त्यांचा आशीर्वाद घेतात. विहारांच्या अंगणात वाळूचे छोटे स्तूप उभारतात, कारण वर्षभरात पायांना लागून विहाराची जी माती बाहेर गेली ती परत करायची असते. या दिवसांत गालांवर जो पांढरा लेप दिसतो तो दिन सो फाँग नावाच्या चुनखडीयुक्त मऊ मातीचा असतो. लोपबुरी प्रांतात ही माती पाण्यात कालवून गाळतात, निवळू देतात आणि खाली बसलेल्या गाळाचे लहान लहान थेंब कापडावर पाडून कडक उन्हात वाळवतात. वापरताना ती वडी पाण्यात विरघळवून त्वचेवर लावली, की पाणी उडताना कातडी गार पडते आणि घामोळ्या बसतात. हेच काम आज शहरांत स्नेक ब्रँडची पावडर करते, आणि अंघोळ झालेली पांढऱ्या चेहऱ्याची मुले हे एप्रिलच्या संध्याकाळचे नेहमीचे दृश्य आहे. महाराष्ट्रात अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ दान करतात, त्यामागेही हीच जाण आहे, की या ऋतूत पाण्यापरते मोठे दान नाही.

पर्यटकांना मात्र सोंगक्रान दिसतो तो बँकॉकच्या सिलोम आणि खाओ सान रस्त्यांवरचा, किंवा चियांग माईच्या जुन्या शहराभोवतीच्या खंदकावरचा, जेथे पिचकाऱ्या, बादल्या आणि नळ्या घेऊन हजारो लोक दिवसभर एकमेकांना भिजवतात. त्यात सामील होण्यात अनमान करण्याचे कारण नाही. ३७ अंशांच्या दुपारी अनोळखी माणसाने अंगावर पाणी टाकणे ही खरोखरच कृपा असते. पण भिक्षू, वृद्ध आणि तान्ही मुले यांच्यावर पाणी उडवायचे नाही, आणि दुचाकीस्वारांवर तर मुळीच नाही. या सुट्टीत सारा देश आपापल्या गावी निघतो आणि रस्त्यांवरील अपघातांत दरवर्षी दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. सरकार या आठवड्याला सात धोक्याचे दिवस म्हणून जाहीर करते. कुटुंबासह जाणाऱ्यांनी या दिवसांत भाड्याची दुचाकी घेऊ नये आणि लांबचा रस्तेप्रवास आखू नये.

कथेतल्या सात पाण्यांनी धुतलेल्या भाताचा वंशज आजही थाई ताटात आहे. त्याला खाओ छे म्हणतात, आणि तो मूळचा मोन लोकांचा आहे. मोन हा थाई लोकांच्या आधीपासून या प्रदेशात वसलेला, बौद्ध धर्म जपणारा प्राचीन समाज. चाओ फ्राया नदीतील को क्रेत बेटावर, फ्रा प्रदेंग येथे आणि पश्चिमेकडील प्रांतांत त्याची वस्ती आहे. मोन घरांत हा भात संक्रांतीला देवतेला आणि भिक्षूंना अर्पण करण्यासाठी होई. पुढे तो राजवाड्यात गेला आणि त्याला नजाकत आली. त्याची कृती संयमाची परीक्षा पाहणारी आहे. जुना तांदूळ बोटचेपा होण्याआधीच उतरवतात, मग तो पाण्यात हलक्या हाताने चोळून चोळून त्याची सगळी पेज काढून टाकतात, आणि पाणी नितळ येईपर्यंत हे चालू ठेवून शेवटी मलमलीत बांधून वाफ देतात. दुसरीकडे उकळून गार केलेले पाणी मातीच्या भांड्यात भरून त्यावर संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या सोडतात. रात्री त्या उमलतात, आणि सकाळी कोमेजण्याआधी काढून घेतात, नाहीतर पाण्याला कडवटपणा येतो. त्यानंतर सुगंधी द्रव्यांची, दोन्ही टोकांना वात असलेली वळणदार मेणबत्ती पेटवून विझवतात आणि तिचा धूर झाकणाखाली कोंडून पाण्यात मुरू देतात. वाढताना वाडग्यात मोकळा भात, त्यावर हे पाणी आणि बर्फाचे खडे.

त्याच्या जोडीला येणारे पदार्थ मात्र चांगले जोरकस असतात. खारवलेल्या कोळंबीच्या वाटणाच्या, अंड्यात बुडवून तळलेल्या लहान गोळ्या, अंड्याच्या जाळीत गुंडाळलेल्या भरल्या मिरच्या, साखरेत परतलेला खारा मुळा, गोडसर तंतूदार मांस, आणि तोंड स्वच्छ करायला कैरी व काकडीचे कोरीव काप. रीत अशी, की जोडीचा पदार्थ आधी तोंडात घालायचा आणि मागून चमचाभर भात पाण्यासह घ्यायचा. तो पदार्थ वाडग्यात मिसळायचा नाही, म्हणजे पाणी शेवटपर्यंत नितळ राहते. फेचबुरीच्या बाजारात हा भात अगदी साधा, तीनच जोडपदार्थांसह मिळतो, तर बँकॉकच्या जुन्या उपाहारगृहांत तो मार्च ते मे या काळापुरताच ठेवतात. बँकॉकला एप्रिलमध्ये जाऊन हा भात न चाखता परतणे म्हणजे आंब्याच्या दिवसांत रत्नागिरीला जाऊन आंबा न खाण्यासारखे आहे. शाकाहारी प्रवाशाला जोडपदार्थांत निवड करावी लागते, पण भात, पाणी, मुळा आणि कैरी एवढ्यानेही या पदार्थाचा हेतू पुरा होतो.

आंब्याचा विषय निघालाच आहे, तर नाम दोक माय या लांबट, सोनेरी, धागाविरहित जातीचा उल्लेख करायला हवा. नारळाच्या दुधात मुरवलेल्या चिकट तांदळाबरोबर तो खातात, आणि हापूसच्या अभिमानी माणसानेही तो एकदा निष्पक्ष मनाने खावा. फेचबुरीकडे ताडांची बने आहेत, तेथील ताडगोळे आणि ताडाचा गूळ कोकणी माणसाला घरचेच वाटतील. चांताबुरी आणि रायोंग या पूर्वेकडील प्रांतांत एप्रिलपासून ड्युरियनचा हंगाम सुरू होतो आणि मागोमाग मँगोस्टीन येते. पहिले उष्ण आणि दुसरे थंड, म्हणून दोन्ही जोडीने खावीत, असे थाई घरांत मानतात. उष्ण आणि थंड पदार्थांचा हा विचार मराठी आजीला समजावून सांगावा लागणार नाही.

या देशाचा उन्हाळी दिवस दोन टोकांना जागा असतो. पहाटे पाच-साडेपाचला भिक्षू अनवाणी भिक्षेला निघतात, बाजार त्याच्याही आधी उघडलेला असतो, आणि सकाळी नऊपर्यंत भाजी, मासे, फुले यांचा बहुतेक व्यवहार उरकलेला असतो. अकरापासून चारपर्यंत गावे सावलीत विसावतात. सूर्य कलल्यावर उद्याने भरतात, आणि सहा-सातनंतर रात्रबाजार सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालतात. याच्या नेमके उलट वेळापत्रक सहलीचे असते : आठ ते साडेनऊ हॉटेलातली आरामशीर न्याहारी, दहाला बसमध्ये, भर बाराला राजवाड्याच्या संगमरवरी अंगणात, आणि रात्री आठला जेवून खोलीत. बँकॉकचा राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो. खांदे आणि पाय झाकणारे कपडे तेथे सक्तीचे आहेत, आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात पादत्राणे काढावी लागतात, आणि दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे मुलांना सोसत नाही. साडेआठला आत गेलेला माणूस साडेदहाला तृप्त होऊन बाहेर पडतो. साडेअकराला गेलेल्याला त्या बुद्धापुढेही पाण्याची बाटलीच आठवते.

अयुथयाच्या बाबतीत ही चूक सर्वाधिक जाचते. बँकॉकच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर असलेली ही नगरी १३५१ पासून चारशेहून अधिक वर्षे सयामची राजधानी होती, आणि १९९१ पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. तिच्या विनाशाशीही ऋतूंचा संबंध आहे. नद्यांनी वेढलेल्या या बेटवजा शहराचा मोठा भरवसा पावसाळ्यातल्या पुरावर असे, कारण पाणी चढले की वेढा घालणाऱ्या सैन्याला माघार घ्यावी लागे. १७६६ च्या पावसाळ्यात मात्र ब्रह्मी सैन्य हटले नाही, उंचवट्यांवर तळ ठोकून आणि नावा जमवून त्याने पूर काढला, आणि पाणी ओसरल्यावर, ७ एप्रिल १७६७ रोजी, ऐन उन्हाळ्यात शहर पडले आणि जाळले गेले. आज तेथे उरल्या आहेत त्या विटांच्या भिंती, शिरच्छेद झालेल्या मूर्तींच्या रांगा आणि वाट महाथात येथे पिंपळवर्गीय झाडाच्या मुळांनी वेढून धरलेले बुद्धाचे शिर. दुपारी या विटा भट्टीतून नुकत्याच निघाल्यासारख्या तापतात आणि सावली जवळजवळ नसते. सकाळी सातला किंवा सायंकाळी पाचला, वाट चायवत्थनाराम नदीवरून पाहताना, हेच अवशेष त्यांचा इतिहास सांगू लागतात.

उत्तर थायलंडविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. चियांग माईचे डोंगर, विहार आणि खाद्यपरंपरा कितीही आकर्षक असल्या, तरी फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत तेथे धुराचा हंगाम असतो. कापणीनंतर मक्याची धाटे जाळली जातात, वाळलेल्या पानगळीच्या जंगलात आगी लागतात किंवा लावल्या जातात, म्यानमारच्या शान प्रदेशातला धूर त्यात भर घालतो, आणि तळाशी साचलेल्या स्थिर हवेमुळे हा सारा धूर खोऱ्यात कोंडून राहतो. त्यातील अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. कित्येक दिवस शहराला लागून असलेला १,६७६ मीटर उंचीचा दोई सुथेप डोंगरही शहरातून दिसेनासा होतो, आणि चियांग माई जगातील सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत वर येते. दमा असलेल्यांनी, वृद्धांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी या काळात उत्तरेला जाऊ नये. नोव्हेंबरमध्ये ते शहर त्यांची वाट पाहत असेल.

अंदमान समुद्राच्या बाजूला, फुकेत आणि क्राबी येथे, एप्रिलमध्ये समुद्र शांत असतो, आणि मेच्या मध्यावर मोसमी वारे सुरू होताच तो खवळतो. सिमिलान बेटे तर तेव्हापासून पाच महिने बंदच ठेवतात. पण हे उबदार पाणी प्रवाळांना घातक ठरू लागले आहे. पाण्याचे तापमान दीर्घकाळ चढे राहिले की प्रवाळ आपल्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. २०२४ च्या उन्हाळ्यात या विरंजनामुळे अनेक राष्ट्रीय उद्यानांतील पाण्यात बुडी मारण्याच्या जागा बंद कराव्या लागल्या. अशी जागा बंद आढळली तर नावाड्याशी हुज्जत घालू नये.

मार्च-एप्रिलमध्ये चीनकडून आलेली थंड हवा या तापलेल्या दमट हवेला भिडली की वळवासारखा पाऊस, वादळ आणि गारा येतात. हा पाऊस उभ्या आंब्याचे नुकसान करतो आणि शेतीला पुरत नाही. खऱ्या पावसासाठी ईशान्येकडील इसान हा शेतकऱ्यांचा कोरडवाहू प्रदेश मे महिन्यात आकाशाकडे बांबूचे अग्निबाण सोडतो; यसोथोनचा हा उत्सव प्रसिद्ध आहे. काही गावांत पिंजऱ्यातली मांजर मिरवून तिच्यावर पाणी शिंपडण्याची प्रथा होती, आणि आता प्राण्याला त्रास नको म्हणून तिच्या जागी डोरेमॉनची बाहुली मिरवतात. बेडूक बांधलेली धोंडी दारोदार नेणाऱ्या महाराष्ट्रातील गावांना या मांजरीची गरज समजेल. बँकॉकच्या सनाम लुआंग मैदानावर मे महिन्यातच शाही नांगरणीचा सोहळा होतो. राजदरबारचे ब्राह्मण तो चालवतात, बैलांपुढे भात, मका, तीळ, गवत, पाणी असे सात जिन्नस ठेवतात आणि बैल जे खातील त्यावरून वर्षाचे भाकीत सांगतात. मेच्या सुरुवातीस जाणाऱ्या मराठी प्रवाशाने त्या वर्षीची तारीख अवश्य पाहावी.

या सगळ्या व्यवस्थेवरचा ताण मात्र वाढत चालला आहे, आणि तो सर्वांना सारखा बसत नाही. थायलंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या नोंदींनुसार २०२३ या संपूर्ण वर्षात उष्माघाताने ३७ मृत्यू झाले होते. २०२४ मध्ये मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच हा आकडा ६१ वर गेला होता. पर्यटक वातानुकूलित बसमधून वातानुकूलित मॉलमध्ये जातो, त्या वेळी नारिंगी जाकीट घातलेला दुचाकी-टॅक्सीवाला चौकात उभा असतो, पदपथावरची विक्रेती कढईच्या आचेपुढे असते, आणि म्यानमारहून आलेला बांधकाम मजूर उघड्या स्लॅबवर असतो. या माणसांना अकरा ते चार सावलीत बसण्याची मुभा आता उरलेली नाही, कारण शहराचे घड्याळ त्यांच्या हाती नाही. भर दुपारी पर्यटकांची गर्दी रस्त्यावर उतरते, तेव्हा वाहनचालक, वाटाडे, तिकीट तपासनीस आणि फळवाल्या यांनाही तिच्याबरोबर उन्हात उभे राहावे लागते.

म्हणून एक मागणी मुंबई-पुण्याच्या सहल आयोजकांकडे आहे, आणि ती अवघड नाही. एप्रिल-मे महिन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ मोकळी ठेवावी. राजवाडा आणि अयुथया सकाळच्या पहिल्या प्रहरात घ्यावेत, न्याहारी हॉटेलाऐवजी बाजारात द्यावी, निदान एका दुपारी खाओ छे ठेवावा, आणि चियांग माई एप्रिलमध्ये विकूच नये. प्रवाशांनीही पैसे भरण्यापूर्वी कार्यक्रमपत्रिकेतील दुपारचे रकाने वाचावेत, आणि त्यांत उघड्यावरचे स्थळदर्शन असेल तर ते बदलून मागावे.